नवा स्कूबा मास्क आणि काचेवर धरणारी वाफ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर लागला, दर्या निवळला आणि मालवणात बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या, की माझ्या फोनवर एक फोटो हमखास येतो. खोक्यातून नुकताच काढलेला नवा मास्क आणि खाली प्रश्न, ‘यंदा स्वतःचा घेतलाय, चालेल ना?’ चालेल, आनंदाने आणा. आपल्या चेहऱ्याला नीट बसणारा मास्क ही डायव्हिंगमधली सगळ्यात आधी करण्यासारखी खरेदी आहे. फक्त तो खोक्यातून थेट पाण्यात नेऊ नका. मी वर्षानुवर्षं लोकांना पाण्याखाली नेतोय. पहिल्या डायव्हला माणूस घाबरून ‘वर चला’ म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा त्याला समोरचं दिसेनासं झालेलं असतं, बाकी काही नाही. आदल्या संध्याकाळी बेसिनपाशी तासभर काढला तर हे टळतं. तो तास कसा काढायचा, ते खाली लिहिलंय. प्रश्न सगळे लोकांनी विचारलेले आहेत.

मास्क नवाकोरा आहे, महागाचा आहे. तरी काच वाफ का धरते?

नवा आहे म्हणूनच धरते. चेहऱ्याला टेकणारी मऊ कड, जिला सगळे ‘रबर’ म्हणतात, ती सिलिकॉनची असते. मास्क तयार होताना आणि नंतर खोक्यात बंद असताना या सिलिकॉनमधून अगदी सूक्ष्म तेलकट अंश सुटत राहतो आणि काचेवर बसतो. साच्याला चिकटू नये म्हणून लावलेल्या द्रव्याचाही अंश असतो. हा थर इतका पातळ, की सरळ बघितलं तर काच लख्ख वाटते. काच तिरकी करून ट्यूबलाइटखाली धरा, कधीकधी पुसटशी इंद्रधनुषी झाक दिसते.

स्वच्छ काचेवर पाणी पसरतं. या तेलकट थरावर ते पसरत नाही, बारीक बारीक थेंब होऊन बसतं. असे हजारो थेंब प्रकाश इकडेतिकडे फेकतात आणि आपल्याला समोर पांढरा पडदा दिसतो. किमतीचा इथे काही संबंध नाही. महागातल्या महाग मास्कलाही सिलिकॉन असतंच.

माझा पहिला स्वतःचा मास्क घेऊन मी मुर्डेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटावर गेलो होतो. तो घासावा लागतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाण्याखाली सोबतचा माणूस हाताने खुणावतोय एवढं कळत होतं, पण तो काय दाखवतोय ते दिसत नव्हतं. वर आल्यावर समजलं, कासव होतं, हातभर अंतरावरून गेलं. त्याची हळहळ मला अजून आहे, आणि दुसऱ्या कुणाचं कासव असं हुकू नये असं मनापासून वाटतं.

कोकणातलं पाणी तर कोमट असतं. थंडीत गाडीच्या काचेवर वाफ धरते ते कळतं, इथे कशी धरेल?

आपल्याकडे डायव्हिंगच्या दिवसांत पाणी साधारण २६ ते २९ अंश सेल्सिअस असतं. मास्कमधली हवा मात्र तुमच्या नाकातून आलेली आणि तोंडावरच्या घामाने दमट झालेली असते, ३४ अंशांच्या आसपास आणि ओलाव्याने पूर्ण भरलेली. ३४ अंशाला एक घनमीटर हवेत सुमारे ३८ ग्रॅम बाष्प मावतं, २७ अंशाला २६ ग्रॅमच्या आसपास. पाण्याने गार ठेवलेल्या काचेला ती हवा टेकली, की जवळजवळ एक तृतीयांश बाष्पाला हवेत जागा उरत नाही आणि ते काचेवर उतरतं.

मास्कमध्ये हवा असते जेमतेम एका छोट्या वाटीएवढी. म्हणजे एका वेळी दोन मिलिग्रॅमपेक्षाही कमी पाणी काचेवर येतं. पण नाकातून जरा जरा हवा येतच राहते, पाण्याची भर पडत राहते आणि दोनचार मिनिटांत काच दुधाळ होते. अंदमानच्या कोमट पाण्यातही हेच होतं. पाणी जितकं गार तितका त्रास जास्त, एवढाच फरक.

ओलावा थांबवणं आपल्या हातात नाही. तो काचेवर थेंबांच्या रूपात न बसता सलग पसरावा, म्हणजे आरपार दिसत राहील, एवढंच आपण करू शकतो. पुढची सगळी खटपट त्यासाठी.

माझ्या मास्कची काच घासली तर चालेल, हे कसं ओळखायचं?

काचेच्या कोपऱ्यात इंग्रजीत ‘टेम्पर्ड’ असं कोरलेलं असतं, किंवा नुसतं ‘टी’ अक्षर. म्हणजे ती कडक केलेली खरी काच आहे आणि टूथपेस्टने घासायला हरकत नाही.

दोन बाबतींत थांबा. काचेला आतून वाफ न धरण्याचा लेप कारखान्यातूनच दिलेला असेल, तर घासू नका, लेपच निघून जाईल. मास्कसोबत आलेला कागद फेकण्याआधी वाचा, त्यात हे लिहिलेलं असतं. आरशासारख्या चमकणाऱ्या किंवा रंगीत काचा असतील तर त्यांचा लेप बहुधा बाहेरच्या बाजूला असतो. तिथे बाहेरून अजिबात घासू नका, आणि आतल्या बाजूचं कागदावर बघून ठरवा. दुसरं म्हणजे काच प्लास्टिकची असेल तर टूथपेस्ट आणायचीच नाही. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

टूथपेस्ट कोणती? आमच्याकडे जेल आहे.

जेल नको. साधी, पांढरी, अपारदर्शक पेस्ट घ्या, किराणा दुकानातली सगळ्यात स्वस्त ट्यूब उत्तम. आपल्याकडच्या अशा बऱ्याच पेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे खडूची बारीक भुकटी. काम ती भुकटीच करते. सिलिकॉनचा थर पाण्यात विरघळत नाही, साबणाला दाद देत नाही, त्याला खरवडूनच काढावं लागतं. आणि खडू काचेपेक्षा बराच मऊ असल्याने थर निघतो, काचेवर चरा उठत नाही.

लाल दंतमंजन वापरू नका. त्यातला गेरू पारदर्शक सिलिकॉनच्या खाचेत जाऊन बसला की निघता निघत नाही. दाणेदार मिठाची किंवा कोळशाची काळी पेस्टही या कामाची नाही.

घासायचं नेमकं कसं?

हात आधी साबणाने धुवा, डोक्याला तेल लावून लगेच बसू नका. मास्क कोमट पाण्याने धुवून झटका, थोडा ओलसर राहू द्या. वाटाण्याएवढी पेस्ट काचेच्या आतल्या बाजूला घ्या. दोन काचांचा मास्क असेल तर दोन्हींवर वेगवेगळी.

आता बोटाच्या पेराने, लहान लहान गोल फिरवत, जरा जोर लावून घासा. ब्रश नको, कापड नको. बोटाला जे कळतं ते ब्रशला कळत नाही. सुरुवातीला बोट लोण्यावरून फिरावं तसं सुळकन सरकतं. मिनिटा-दोन मिनिटांनी तेच बोट किंचित अडखळायला लागतं, काच बोटाला धरते आहे असं वाटतं. तिथला थर सुटत आला असं समजा. पेस्ट सुकत आली तर पाण्याचा एक थेंब टाका, जास्त नको, पातळ झाली की भुकटी काचेवरून निसटते.

प्रत्येक काचेला पाच मिनिटं द्या. घड्याळ लावून द्या, कारण पाच मिनिटं झाली असं माणसाला दीड मिनिटातच वाटतं.

सगळ्यात जास्त लक्ष कडेकडे. काच जिथे सिलिकॉनला भेटते त्या खाचेत थर दाट असतो, आणि लोक घासतात नेमकी मधली काच. मग पाण्याखाली वाफ धरायला सुरुवात कडेपासून होते. तिथे कान साफ करायच्या कापसाच्या काडीवर पेस्ट घेऊन फिरवा, किंवा लहान मुलांचा मऊ ब्रश चालेल. नाकाच्या बाजूचा कोपरा विसरू नका, नाकातली गरम हवा पहिली तिथेच लागते.

मग वाहत्या कोमट पाण्याखाली धुवा. उकळतं पाणी नको. हे झालं एक आवर्तन. अशी तीन करा, मास्क अगदी नवा असेल तर चार. शेवटी भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब घालून पूर्ण धुवा आणि पुन्हा भरपूर पाण्याने खळबळा. टूथपेस्टमधला पुदिन्याचा अर्क खाचेत राहिला तर पाण्याखाली डोळे झोंबतात, आणि तिथे डोळे चोळायला हात आत जात नाही.

काही जण पेस्ट लावून मास्क रात्रभर ठेवतात. मला त्यात फायदा दिसलेला नाही. थर बोटाच्या घासण्याने निघतो, नुसतं लावून ठेवल्याने नाही. सकाळी खाचेत वाळलेली पेस्ट उकरत बसावं लागतं ते वेगळंच.

बाहेरच्या बाजूला लेप नसेल तर तिथे एक हात पुरे. ती बाजू पाण्यातच असते, तिथे वाफ धरत नाही.

पुरेसं झालं हे कसं कळणार?

तीन गोष्टी करून बघा. ओला अंगठा काचेवर दाबून ओढा, घासलेल्या स्टीलच्या ताटासारखा ‘कुईं’ आवाज आला पाहिजे. मग नळाखाली धरून मास्क तिरका करा. पाणी सलग पडद्यासारखं उतरलं तर काच स्वच्छ. मध्येच फाटून थेंब थेंब उभे राहिले तर तिथे थर बाकी आहे.

तिसरी परीक्षा मला सगळ्यात आवडते. मास्क कोरडा करा, दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर काढून आतल्या बाजूला तोंडाने ‘हा’ करा. वाफ येईल, ती येणारच. तिचा आकार बघा. स्वच्छ भागावर ती पातळ, एकसारखी बसते आणि पटकन उडते. जिथे थर राहिलाय तिथे पांढरट ठिगळ उठून दिसतं आणि रेंगाळतं. अक्षरशः नकाशा मिळतो, कुठे पुन्हा घासायचं त्याचा.

काही लोक लायटरने काच जाळून घेतात. तसं करू का?

थर जळून जातो हे खरं आहे, आणि बरेच जुने डायव्हर हेच करतात. पण माझं सांगणं असं की टूथपेस्टच्या चार आवर्तनांनी भागलं नाही तरच याचा विचार करा, आणि पहिल्यांदा जाणकाराच्या हातून करवून घ्या.

काच खरी टेम्पर्ड आणि बिनलेपाची हवी. नंबरची भिंगं चिकटवलेल्या मास्कवर कधीच नाही, प्लास्टिकवर तर नाहीच. ज्योतीचं टोक आतल्या काचेवरून सतत फिरतं ठेवायचं, एका जागी थांबायचं नाही, नाहीतर एकीकडे तापून काच तडकू शकते. काच काजळीने काळी होते. ती पूर्ण गार झाल्यावर पुसायची, तापलेल्या काचेवर पाणी मारायचं नाही. आणि अडचण अशी, की थर जिथे सगळ्यात दाट, त्या खाचेजवळ ज्योत नेता येत नाही, सिलिकॉन करपतं. म्हणजे लायटर वापरूनही कडा बोटानेच घासायच्या आहेत. सिलिकॉनची कड करपलेले मास्क माझ्याकडे दाखवायला आणलेत लोकांनी. त्या मास्कमधून पाणी आत येतं, आणि त्यावर उपाय नसतो.

भांडी घासायची पावडर, राख, रांगोळी यातलं काही?

नाही. यांचे कण जाड आणि टोकदार असतात, काचेवर बारीक चरे पडतात. काचेच्या क्लीनरचा फवाराही निरुपयोगी, पण उलट कारणाने, त्याने थर हलतही नाही. मास्कसाठी मिळणारी खास घासायची पेस्ट मात्र चांगली असते. मिळाली तर जरूर घ्या. नसेल तर वीस रुपयांच्या ट्यूबने तेच काम होतं, फक्त हात जरा जास्त चालवावा लागतो.

एवढं घासल्यावर पुन्हा थुंकी कशाला लावायची?

कारण ही दोन वेगळी कामं आहेत. घासणं एकदा करायचं, जमीन नांगरल्यासारखं. थुंकी किंवा तसलं काही प्रत्येक डायव्हच्या आधी लावायचं. लाळेत अशी द्रव्यं असतात की पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण कमी होतो आणि ते थेंब न धरता पसरतं. न घासलेल्या मास्कवर कितीही थुंकलात तरी पाच मिनिटांत वाफ परत, कारण लाळेलाच त्या तेलकट थरावर बसता येत नाही. लोक म्हणतात थुंकीचा काही उपयोग होत नाही. घासलेल्या मास्कवर लावून बघा आणि मग सांगा.

पद्धत अशी : काच कोरडी असताना लावा. ओल्या काचेवर लाळ वाहून जाते. बोटाने सगळीकडे, कडांपर्यंत पसरवा, अर्धा मिनिट राहू द्या, मग समुद्राच्या पाण्यात एकदाच बुडवून काढा. खसाखसा धुवाल तर लावलेलं सगळं गेलं. मास्क लगेच चेहऱ्यावर चढवा. लावून पंधरा मिनिटं बोटीवर गप्पा मारत बसलात तर पुन्हा पहिल्यापासून.

थुंकीची किळस येते. दुसरं काही?

लहान बाळांचा शाम्पू. एक भाग शाम्पू, तीन-चार भाग पाणी, छोट्या फवाऱ्याच्या बाटलीत भरून पिशवीत ठेवा. दोन फवारे, बोटाने पसरवा, एकदा बुडवा. डोळ्यांना झोंबत नाही म्हणून बाळांचाच घ्या. भांड्यांचं लिक्विड या कामाला नको, थोडं जरी राहिलं तरी डोळे चुरचुरतात. तयार अँटी-फॉग जेलही मिळतं, त्याचा एक थेंब पुरतो, दोन काचांना दोन.

जपानमध्ये श्वास रोखून बुडी मारणाऱ्या आमा बायका काच योमोगीच्या पाल्याने पुसत आल्या आहेत. ही वनस्पती आपल्या दवण्याच्याच वंशातली. पाला काचेवर चुरडून तिचा रस फिरवायचा, मग पाण्यात बुडवायची. बाटल्या नव्हत्या तेव्हाही त्यांचं काम अडलं नाही. कापलेल्या बटाट्याची फोड फिरवणारेही आहेत, पिष्टाचा पातळ थर बसून थोडा वेळ निभतं. माझं मत विचाराल तर बाळाचा शाम्पू, डोळे झाकून.

घरी सगळं व्यवस्थित केलं, तरी बोटीवर वाफ धरली. असं का?

बहुतेक वेळा हात किंवा कपाळ. सनस्क्रीन लावलेल्या बोटाने काचेला आतून शिवलात की तिथे पुन्हा तेलकट डाग. म्हणून सनस्क्रीन लावायचंच असेल तर निघण्याच्या बरंच आधी लावा, हात धुवा, आणि मास्क नेहमी कडेने धरा. खोबरेल तेलाने चप्प बसवलेले केस हे आपल्याकडचं खास कारण. मास्क चढवताना ओघळ आत येतो, शिवाय केसांची बट कडेखाली अडकली तर पाणी झिरपतं. डायव्हच्या दिवशी डोक्याला तेल नको. काजळ नको. टिकली काढून ठेवा, ती सुटून काचेवर चिकटलेली मी पाहिली आहे.

मास्क कपाळावर चढवून बसायची सवय सोडा. तापलेल्या कपाळाची वाफ आणि घाम सरळ आतल्या काचेवर जातो. मास्क गळ्यात असू द्या. कपाळावरून तो लाटेने पडून समुद्रात गेला तर परत मिळत नाही हेही आहेच, आणि पाण्यात मास्क कपाळावर दिसला की काहीतरी बिघडलंय असं सोबतचे समजतात.

उन्हात बसून चेहरा तापलेला असतो. मास्क चढवण्याआधी समुद्राच्या पाण्याचे तीन-चार हबके तोंडावर मारा. चेहरा गार, काचही तितकीच गार, मग वाफेला संधी कमी. एवढ्या साध्या गोष्टीने खूप फरक पडतो.

पाण्याखाली गेल्यावर वाफ धरलीच तर?

पहिलं म्हणजे घाबरू नका. श्वास तोंडातल्या रेग्युलेटरने, म्हणजे टाकीतली हवा देणाऱ्या यंत्राने, चालू आहे, त्याचा आणि काचेचा काही संबंध नाही. दिसत नसेल तरी हवा मिळतेच आहे.

मालवण-तारकर्लीला एकदाच अनुभव घ्यायला आलेले असाल आणि गाईडने तुम्हाला धरलेलं असेल, तर स्वतः काही करू नका. पंजा पसरून हलवा, म्हणजे ‘गडबड आहे’, आणि बोटाने मास्क दाखवा. अंगठा वर करू नका. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘मला वर जायचंय’. या एका गोंधळापायी कितीतरी जणांची डायव्ह अर्ध्यावर संपलेली आहे.

कोर्स केलेला असेल तर : मास्कची कड किंचित सैल करून चमचा-दोन चमचे पाणी आत घ्या. मान खाली घाला, पाणी काचेवर येईल. डोकं हळू डावी-उजवीकडे हलवून ते सगळीकडे फिरवा. मग वरची कड बोटांनी कपाळाशी दाबून, नजर जरा वर करून नाकातून सावकाश हवा सोडा, पाणी खालून निघून जाईल. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर तेवढा वेळ डोळे मिटा. ही कसरत आधी गळ्याएवढ्या पाण्यात दहा वेळा करा. खोलात गेल्यावर ती शिकायची वेळ येऊ नये.

मग नाकातून श्वास सोडायचाच नाही का?

श्वास तोंडाने घ्या, तोंडानेच सोडा. नाकातून सतत सोडत राहिलात तर काचेवर गरम दमट हवा मारत राहाल. पण नाक पूर्ण बंदही ठेवायचं नाही. दर १० मीटरला पाण्याचा दाब एक वातावरणाने, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दाबाएवढा, वाढतो, मास्कमधली हवा आक्रसते आणि मास्क डोळ्यांना शोषून धरतो. खाली उतरताना नाकातून थोडी थोडी हवा आत सोडावीच लागते, नाहीतर डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त उतरतं. नाक बाहेर ठेवणारा पोहण्याचा गॉगल डायव्हिंगला चालत नाही तो याच कारणाने. वाफेच्या भीतीने नाक दाबून धरू नका.

मिशी आहे. काढावी लागेल?

नाही. मिशीच्या केसांमधून मास्कमध्ये पाणी झिरपतं खरं, पण वरच्या ओठावर, नाकाच्या अगदी खाली, अर्ध्या बोटाएवढी पट्टी कातरून घेतली तरी बरंच भागतं. पेट्रोलियम जेली थापायचा सल्ला ऐकू नका, ती पसरून काचेपर्यंत जाते आणि घासण्याची सगळी मेहनत वाया. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस, तेही नखावर मावेल एवढं.

नंबरची भिंगं असलेला मास्क कसा साफ करायचा?

मूळ काच काढून त्या जागी नंबरची टेम्पर्ड काच बसवलेली असेल तर इतरांसारखाच घासा. आतून भिंग चिकटवलेलं असेल तर नुसता शाम्पू. ते भिंग बहुधा प्लास्टिकचं असतं, आणि टूथपेस्ट चिकटवलेल्या कडेत शिरते. जाता जाता, नंबर कमी असेल तर घाई करू नका. पाण्याखाली वस्तू साधारण २५ टक्के जवळ आणि एक तृतीयांश मोठ्या दिसतात, त्यामुळे लहान नंबरवाल्यांचं बऱ्याचदा साध्या काचेवर भागतं.

फुल-फेस स्नॉर्कल मास्क आणि पोहण्याचा गॉगल?

दोन्ही प्लास्टिकचे. टूथपेस्ट नाही, लायटर तर मुळीच नाही. काच खडूपुढे टिकते, प्लास्टिक टिकत नाही, चरे पडून कायमचं धुरकट होतं. गॉगलला आतून लेप असतो, त्याला बोट लावू नका, नुसतं पाण्यात खळबळा.

मास्क भाड्याचा असेल तर?

तो शेकडो वेळा घासला गेलेला असतो, सिलिकॉनचा प्रश्न मिटलेला असतो. प्रश्न असतो स्वच्छतेचा. बोटीवर सगळ्यांचे मास्क एकाच बादलीत बुचकळलेले दिसले तर स्वतःचा वेगळा, गोड्या पाण्याने धुवून मागा. संकोच करू नका. आणि तुमचे डोळे आलेले असतील तर कृपा करून त्या दिवशी पाण्यात उतरू नका, त्याच मास्कमध्ये तुमच्यानंतर दुसऱ्याचा चेहरा जाणार असतो.

पावसाळ्यात मास्क कसा ठेवू?

जून ते सप्टेंबर इकडे डायव्हिंग बंद, आणि याच चार महिन्यांत मास्क खराब होतात. कोकणातल्या दमट हवेत ओला मास्क डब्यात बंद केला की सिलिकॉनवर काळे ठिपके उगवतात. ही बुरशी आत मुरते, मग कितीही घासा. गोड्या पाण्याने धुवा, सावलीत दोन दिवस पूर्ण वाळवा, मगच डब्यात घाला, सोबत सिलिका जेलची पुडी टाका. काळ्या रबराच्या किंवा निओप्रिनच्या (डायव्हिंग सूटच्या फोमसारख्या रबराच्या) वस्तू त्याच डब्यात नकोत, पारदर्शक सिलिकॉन त्यांचा रंग ओढून घेतं. मास्क सिलिकॉनच्या कडेवर टेकवून ठेवू नका आणि वर वजन ठेवू नका, कडेचा आकार बदलतो.

वर्षभर छान चालला, आता पुन्हा वाफ धरतोय.

सिलिकॉन बंद डब्यात थोडं थोडं सुटत राहतं, विशेषतः पहिल्या एक-दोन वर्षांत, आणि त्वचेचं तेल, सनस्क्रीन, समुद्रातला चिकटा यांचाही थर जमतो. हंगामाच्या सुरुवातीला टूथपेस्टचं एक आवर्तन पुरतं. पहिल्यासारखी तीन-चार लागत नाहीत.

उद्या सकाळी डायव्ह आहे, रात्री पुण्याहून निघतोय, हातात तासभरच आहे.

तासभर भरपूर झाला. टूथपेस्टची तीन आवर्तनं, कडा काडीने, लिक्विडने धुणं, आणि शाम्पू-पाण्याची छोटी बाटली. फ्रिजची परीक्षा राहिली तर राहू दे. मास्क गाडीच्या डिकीत टाकू नका. आदल्या दिवसाच्या उन्हाने डिकी तापलेली असेल तर सिलिकॉन पुन्हा सुटायला लागतं. डबा किलकिला ठेवून हातातल्या पिशवीत घ्या. आणि टूथपेस्टची ट्यूबही सोबत असू द्या. बोट सुटायला दहा-पंधरा मिनिटं असतात, तेवढ्यात जेटीच्या पायऱ्यांवर बसून राहिलेल्या कडा आपण दोघं मिळून घासून घेऊ.